मनुकांचं पाणी

कुसाबाईंच्या तोंडून 'बघू' ऐकलं नाही असा माणूस दिंडोरी रस्त्याला शोधून सापडायचा नाही. दुसरं कुणी दाराला कुलूप घालतं, त्या 'बघू' घालायच्या. रस्ता रुंद करायला आलेला साहेब बांधावर उभा राहून म्हणाला होता, "आजी, कडेचा पट्टा सोडता का?" त्या म्हणाल्या, "बघू." साहेब वाट बघता बघता पेन्शनीत गेला, आणि रस्ता अजून त्यांच्या बांधापाशी आला की पोट आत घेतो. खोटं वाटत असेल तर गाडी घेऊन जाऊन बघा. त्यांच्या नवऱ्याची, गेणूबाबांची गोष्ट तर सगळ्या वाडीला पाठ. शेवटच्या दुखण्यात त्यांनी खाटेवरून विचारलं, "कुसे, जाऊ का मी आता?" कुसाबाई द्राक्षाच्या पेट्या भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघू." म्हातारा थांबला. अख्खा हंगाम थांबला. शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडला, बाईंनी हात धुतले, खाटेपाशी येऊन बसल्या, तेव्हा कुठे गेला. डॉक्टर त्याला काही का म्हणेनात, वाडीवर त्याला परवानगी म्हणतात.

आणि त्याच कुसाबाई आता हो म्हणायला लागल्या होत्या. साऱ्या घराचा कारभार त्या एका अक्षरावर येऊन टेकला होता.

दसरा होऊन गेला होता. बागेत छाटणी चाललेली. पानं उतरवलेल्या वेली तारांवर हात पसरून उभ्या होत्या, आणि आभाळ असं दाटून आलेलं की दुपारीच दिवेलागणीची कळा. पुढच्या खोलीत कुसाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. उन्हाळ्यात आलेला झटका त्यांचा उजवा हात घेऊन गेला होता, आणि शब्द सगळेच्या सगळे.

देवळाली कॅम्पाहून लेक अंजली आली होती. तिने आपट्याचं पान आईच्या डाव्या मुठीत ठेवलं.

"सोनं घे, आई. ओळखलंस का मला?"

धाकटी सून सविता वाटीत चमचा ढवळत शेजारीच बसली होती.

"हो," कुसाबाई म्हणाल्या.

अंजलीने पदर तोंडाला लावला. "वहिनी, ओळखलं मला! बघितलंत ना?"

"ओळखत्यात की सगळ्यांना," सविता म्हणाली, आणि मनुका भिजवलेलं पाणी चमच्याने सासूच्या ओठांत सोडलं. तिचा चेहरा उजळला होता. हा हो तिची कमाई होती. डॉक्टर म्हणाले होते, एखादा सोपा शब्द धरा, आला की काहीतरी गोड द्या, कौतुक करा. सविताने हो धरला. चमचा वाटीला टिंग करून लागायचा, सविता म्हणायची, "म्हणा बाई, हो." पावसाळाभर ती मुक्या खाटेपुढे तेवढंच म्हणत बसली. आणि पोळ्याच्या सुमारास एका सकाळी तो आला. आधी नुसता श्वास, मग अक्षर.

त्यानंतर सविताने काय केलं ते तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरात कुणी नसलं की ती वाटी घेऊन बसायची आणि लग्न होऊन आल्यापासून पोटात ठेवलेलं एकेक विचारायची. बाई, माझ्या हातची भाकरी आवडते ना तुम्हाला? हो. बाई, मी चांगली सून हाय ना? हो. उभ्या जन्मात जे मिळालं नाही ते चमच्याचमच्याने मिळत होतं.

थोरला दौलत नाशिकहून सगळ्यात शेवटी आला. गंगापूर रोडला फ्लॅट, बोलणं शहराचं, पायात बूट. आत आला की ते काढायला विसरायचा, म्हणजे निघायला सोपं.

"मी सरळ मुद्द्यावर येतो," तो म्हणाला. "त्र्यंबक रोडच्या त्या केंद्रात आईसाठी बेड मिळतोय. नर्स आहे, व्यायाम घ्यायला माणूस आहे. इथे काय आहे? सविताची कंबर आणि निवृत्तीचा गुडघा."

"आणि ती पर्यटकांच्या खोल्यांची स्कीम," अंजली म्हणाली.

"ती नंतर."

"नंतर कशी? घर रिकामं झालं की पाडायचं, आणि बागेत पुण्या-मुंबईचे लोक झोपवायचे. सगळ्या कॅम्पाला माहितीय, दादा."

धाकटा निवृत्ती दारात बसून छाटणीची कात्री पुसत होता. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"अहो, तुम्ही बोला की कायतरी," सविता नवऱ्याला म्हणाली.

"मी काय बोलू? द्राक्षाला कंटाळलोय मी. औषधाचा वास भाकरीला येतो माझ्या. दादा म्हणतो ते काय अगदीच..." त्याने कात्री मिटली. "आईनं हो म्हटलं तर माझी ना नाय."

सविताने त्याच्याकडे बघितलं. हे दोघा भावांचं आधीच फोनवर झालेलं होतं तर.

"आईला घराबाहेर काढायचं?" अंजलीचा आवाज चढला. "आप्पा गेले त्या खोलीतून? माझ्या सासरचे तोंडात शेण घालतील माझ्या!"

"मग तू ने."

"मी... आमचा जिना बघितलाय तू. दुकानाच्या वर दोन खोल्या. ह्यांची आई पण आहे." तिने चहाचा कप उचलला, परत ठेवला. "नर्स रात्रीची पण असते का रे तिथे?"

"चोवीस तास."

"आणि भेटायला जाता येतं?"

"केव्हाही."

"मग कॅम्पातून सिटीबस बदलून येता येईल," अंजली हळूच म्हणाली. अशा रीतीने चहावर साय धरायच्या आत ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. सविता एकटी उरली. तिच्या हातात वाटी तेवढी होती.

"केंद्राची एकच अट आहे," दौलत म्हणाला. "मागे कुणीतरी आपल्या आईला देवदर्शनाला म्हणून आणलं आणि सोडून गेला. तेव्हापासून पेशंटने स्वतः व्हिडिओत सांगायचं, मी मर्जीने येतेय. म्हणून तर थांबलो होतो. आता आई हो म्हणते."

त्याने चहात साखर ढवळली, चमचा बशीत टाकला. टिंग.

"आई, येशील ना त्र्यंबक रोडला?"

"हो."

लहानपणी ह्याच दारात उभा राहून दौलतने सायकल मागितली होती. बघू. मित्रांबरोबर वणीच्या जत्रेला जाऊ? बघू. शहरात खोली घेऊन शिकू? तेव्हा मात्र तो त्या शब्दाला न थांबता निघून गेला होता, आणि तेव्हापासून कुठेही पोचला तरी आपण न विचारता आलोय असंच त्याला वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा आईने त्याला हो म्हटलं होतं. त्याला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं. व्हिडिओसाठी नव्हे.

"आई, माझ्यावर राग नाही ना तुझा?"

कुसाबाई गप्प. नजर बशीवर.

दौलतचं बोट चमच्यापाशी गेलं. का गेलं ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. मनाच्या आधी बोट शिकलं होतं. टिंग.

"हो."

हे सगळं एका माणसाने बघितलं. निवृत्तीची लेक हर्षाली सुट्टीची घरी आली होती. नाशिकच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला तिला मानसशास्त्र होतं. कालपासून तिला काहीतरी खटकत होतं. काल मांडणीवरून उलथणं पडलं होतं तेव्हा आजी कुणीही काही न विचारता हो म्हणाली होती. ती उठली, आईच्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून चमचा वाजवला. एकदा. पुन्हा एकदा.

पुढच्या खोलीतून आवाज आला, "हो. हो."

सविता पाठोपाठ आत आली. "काय खेळ लावलायस गं?"

"मम्मी, आजी हो म्हणत नाहीये." हर्षाली म्हणाली. "ती चमच्याला म्हणतेय. चमचा वाजला की गोड येतं आणि हो म्हटलं की मिळतं, एवढंच शिकलीय ती. आमच्या पुस्तकात पहिल्याच धड्यांत आहे हे. कुत्र्यापुढे घंटी वाजवून रोज खायला दिलं ना, की नंतर नुसत्या घंटीनं त्याच्या तोंडाला पाणी..."

"कुत्रं?" सविताने ओट्यावर हात आपटला. "तुझ्या आजीला कुत्रं म्हणतीस? त्यापायी कॉलेजची फी भरून धाडतो आम्ही तुला?"

"तसं नाही गं. माणसाचं पण तसंच होतं. कुणाचंही."

"त्यांना कळतं. डोळ्यांत दिसतं मला त्यांच्या."

"कळत असेल. मला नाही माहीत. पण हा हो कळण्याचा नाहीये, मम्मी. मोठे पप्पा तो फोनमध्ये भरून घेतील आणि आजीला उचलून नेतील. तू सांग त्यांना की तू शिकवलाय."

सविताने फडकं घेऊन गॅसची बंद शेगडी पुसली.

"तुला बोलायला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"तू बी अशीच मांडीवर होतीस. आई म्हण, आई म्हण करत होते. म्हटलंस की गूळ लावत होते जिभेला. पापी घेत होते. मग तुझं ते आई म्हणणं पण त्या गुळाला होतं काय?"

पुस्तकात याला एखादी ओळ असेलही, पण हर्षालीला ती आठवेना. ती आईचा हात धरायला गेली तर आईने तो वाटीसाठी पुढे केला.

"दे इकडं."

खरं सांगायचं तर सविताला गप्प बसणं सोपं होतं. बाई त्र्यंबक रोडला गेल्या असत्या, कंबर सुटली असती, आणि तो हो तिच्यापाशी राहिला असता, कुणी न फोडलेला. म्हातारपणी आठवायला पुरला असता. दाराच्या चौकटीत ती तेवढी एकदा थांबली.

बाहेर दौलत फोन समोर धरून उभा होता. "जरा पदर नीट कर आईचा, अंजली. हां."

"दादा, चालू ठेवा तो," सविता म्हणाली आणि खाटेच्या कडेवर बसली. टिंग. "बाई, आपल्या म्हशीला काल पंख फुटले ना?"

"हो."

निवृत्तीला हसू आलं. ते त्याच्या ओठांवरच राहिलं. सविताने चमचाभर पाणी सासूच्या तोंडात घातलं, हनुवटी पुसली.

टिंग. "हे घर सोडून जायचं ना तुम्हाला?"

"हो."

टिंग. "हे घर कधीच सोडायचं नाय ना?"

"हो."

"वहिनी, पुरे," अंजली म्हणाली.

टिंग. "अंजलीताईंना ओळखता ना?" "हो." टिंग. "ही कोण बाई आलीय, ओळखत नाय ना?" "हो."

अंजलीने मुठीतून पडलेलं आपट्याचं पान उचललं आणि उगाच त्याची घडी घालायला लागली.

टिंग. "दादांवर राग नाय ना तुमचा?" "हो." टिंग. "दादा डोळ्यापुढं नको ना?"

"हो."

दौलतने फोन खाली केला.

एवढ्याने काम झालं होतं. पुढचं विचारायची काही गरज नव्हती. पण सविताने चमचा पुन्हा वाजवला, आणि या वेळी तिला दोनदा वाजवावा लागला, कारण पहिल्यांदा तो वाटीला नीट लागलाच नाही.

"बाई, मी वाईट सून हाय ना?"

"हो," कुसाबाई म्हणाल्या आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

सविताने तो भरून दिला. वाटी रिकामी झाली होती.

"मग आता काय करायचं?" दौलत म्हणाला. "तिला कधी विचारायचंच नाही?"

"हो म्हटल्यावर द्यायचं बंद करायचं," हर्षाली म्हणाली. "आधी ती जास्तच म्हणेल. खूप म्हणेल. मग सुटेल ते."

"मग?"

"मग उरेल ते तिचं स्वतःचं."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

दौलतने गाडीची किल्ली खिशात चाचपली. "दिवाळीत येतो. तोवर काय ते करा. तेव्हा काही बोलली नाही तर मी घेऊन जाणार. डॉक्टरकडून लिहून आणीन, पण नेणार. असं ठेवणं बरं नाही." बूट पायातच होते. तो गेला.

मग जे झालं ते वाडीवर अजून हळू आवाजात सांगतात. सविताने घरातले सगळे चमचे पत्र्याच्या पेटीत घातले. जेवण, पाणी, औषध सगळं वेळेवर, हाताने, आवाज न करता. मनुका बंद. आणि कुसाबाई हो म्हणायला लागल्या. सकाळी कोंबडा आरवला, हो. विहिरीवरची मोटार सुरू झाली, हो. निवृत्ती खोकला, हो. आधी नेहमीसारखा, मग मोठ्याने, मग विचारल्यासारखा: हो? हो? बागेतले मजूर सांगत, कात्री वाजली की घरातून उत्तर येतं. तारांवर बसणाऱ्या साळुंक्या तो शब्द शिकल्या आणि वणीपर्यंत घेऊन गेल्या म्हणतात. साळुंक्यांचं सोडा. निवृत्ती मात्र दुपारची भाकरी बागेत मागवायला लागला, हे खरं.

"मम्मी, अजिबात देऊ नकोस," हर्षाली फोनवर सांगायची. "मधेच एकदा जरी दिलंस ना, तर आणखी घट्ट होईल."

"तू काय ऐकतीस तिथं बसून? मी ऐकतेय." सविता फोन ठेवायची. खाटेवरून तो शब्द हात पसरून यायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून ज्वारी निवडत बसायची. हा शब्द तिने पावसाळाभर बोलावून आणला होता. आता तो दारात उभा होता आणि ती आत घेत नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की घर गप्प आहे. किती वेळचं, ते तिला सांगता आलं नसतं. मोटार चालू होती. कोंबडा ओरडत होता. खाटेवरून काही नव्हतं.

ती उठून बघून आली. बाई जाग्या होत्या. खिडकीतून बागेकडे बघत होत्या; वेलींना हिरवे डोळे फुटले होते. चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं. तो चेहरा बघून सविताला भीतीच वाटली. दौलत विचारत होता तेच झालं काय? काढून टाकता टाकता शेवटचंही काढून टाकलं काय आपण?

तिने प्लॅस्टिकच्या पेल्यात मनुका भिजत घातल्या. दुपार उतरल्यावर कुस्करल्या, गाळल्या आणि काही न विचारता, काही न वाजवता पेला सासूच्या ओठांना लावला. कुसाबाई सावकाश प्यायल्या. गोड लागल्यावर पापण्या मिटल्या, उघडल्या. तोंडातून शब्द नाही.

फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला. त्यालाही हो आला नाही.

दौलत पडवी ओलांडून येत होता. आता विचारायला आपल्याकडे एवढाच वेळ आहे, हे सविताला कळलं. घराचं विचारायचं सोडून तिच्या तोंडून भलतंच गेलं.

"बाई, मी कशी सून होते हो तुमची?"

कुसाबाईंनी तिच्याकडे बघितलं. जुनं बघणं होतं ते. पेट्या भरताना द्राक्षाचा घड उचलून बघावा तसं. डावा हात गोधडीवर हलला. ओठ एकमेकांवर आले, दाबले गेले.

"ब..."

पुढचं अक्षर येईना. सविता वाकली. एरवी तिने शब्द पुरा करून दिला असता, पण आता तिने आपलेच ओठ दातांखाली धरले. बरी. बरी म्हणायलाही ओठ असेच मिटावे लागतात.

"ब..."

"बघू म्हणतेय," दारातून दौलत म्हणाला. त्याचा आवाज सायकल मागणाऱ्या पोराचा होता. "ऐकलंस ना, सविता? बघू म्हणतेय ती."

सविताला सांगता आलं असतं, की दादा, तुम्ही उशिरा आलात, मी काय विचारलं ते तुम्ही ऐकलं नाही. तिने मागे वळून बघितलं. दौलत खाली बसला होता आणि बुटाची नाडी सोडत होता. या घरात बघू म्हटल्यावर म्हातारासुद्धा हंगामभर थांबला होता.

तिने सासूची हनुवटी पुसली.

"हो," सविता म्हणाली. "बघू म्हणाल्या."